परत म्हणा

माझ्या मुलीच्या खिशात दुसऱ्या बाईचं नाव सापडलं, तेव्हापासून मी दैवशालाकडे नीट बघायला लागले. त्याआधी ती माझ्या दृष्टीनं औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदार संघटनेच्या कार्यालयात बसणारी कोणी एक बाई होती.

यशश्रीचा निळा गणवेश धुवायला टाकताना मी खिसे तपासते. बोल्ट निघतो, खडू निघतो, कधी अर्धी उरलेली चिक्की. त्या दिवशी एक लॅमिनेट केलेलं कार्ड निघालं. संघटनेनं सुरक्षा शिबिरानंतर सगळ्यांना वाटलेलं. नाव, रक्तगट, कारखाना. शेवटची ओळ होती, 'अपघात झाल्यास प्रथम कोणाला कळवावे'. तिच्यापुढे माझ्या मुलीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'दैवशाला मावशी'.

मी तिची आई आहे. माझा फोन नंबर ती सातवीत असल्यापासून बदललेला नाही.

संध्याकाळी मी ते कार्ड तिच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय आहे?"

"कार्ड."

"ते दिसतंय मला. आई मेली का तुझी?"

"आई, आता सुरू नको ना होऊस." तिनं घास मोडला. "तुला आधी कळवलं तर माझ्याआधी तुलाच दवाखान्यात न्यावं लागेल. मावशी आधी गाडी पाठवतील, डॉक्टरांना सांगतील, मग तुला फोन करतील. आणि तोही असा करतील की तू घाबरणार नाहीस."

माझे यजमान गजानन पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. ते वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे तिचा."

मी उठून पोळ्या करायला गेले. त्या दिवशीच्या पोळ्या करपल्या.

यशश्री मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तिच्या वर्गातल्या मुली पुण्यात थंडगार कार्यालयांत बसतात. ही मात्र जालन्यातल्याच एका कास्टिंगच्या कारखान्यात पाळीप्रमुख झाली. तिथं भंगार वितळवून, साच्यात ओतून यंत्रांचे भाग करतात. तिची पाळी असली की माझा डोळा लागत नाही. आजही ती तिसऱ्या पाळीला गेली आहे, म्हणून हे लिहीत बसले आहे. तिला ही नोकरी सोडायला लावायची, हे मी पहिल्याच महिन्यात ठरवलं होतं. दर वेळी माझं सांगून झालं की ती म्हणायची, "मावशींना विचारते." आणि मावशींना विचारून आली की दुप्पट हुरूपानं कामाला जायची.

हळूहळू ती बाई आमच्या घरात शिरली. म्हणजे तिनं उंबरठा एकदाही ओलांडला नाही, पण तिचे शब्द आले. यशश्री 'बराबर' म्हणायला लागली, 'बिलकुल' म्हणायला लागली. माझी मऊ पोळी डब्यात तशीच परत यायची आणि संध्याकाळी ऐकायला मिळायचं, की मावशींनी भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा आणला होता. वाढदिवसाला मी साडेसहाला ओवाळायचं तबक घेऊन तिच्या खोलीत गेले, तर ती फोनवर हसत होती. तसं हसताना मी तिला कॉलेजनंतर पाहिलं नव्हतं. मला बघून तिनं हसू आवरतं घेतलं. ते आवरणं मला जास्त लागलं.

तेव्हा एक दिवस मी ठरवलं, ही बाई आहे तरी कशी, बघून येऊ. यशश्री डबा विसरली होती. खरं तर तो मीच तिच्या पिशवीतून काढून ठेवला होता. तो कारखान्यात पोचवायचं निमित्त करून मी रिक्षानं थेट संघटनेच्या कार्यालयात गेले.

पाण्याच्या टाकीसमोर दोन खोल्या आणि एक सभागृह. भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो. कोपऱ्यातल्या टेबलामागे पन्नाशीच्या आतबाहेरची एक सडपातळ बाई, चष्मा दोरीला बांधलेला, पुढ्यात लांबट जाड वही. ती फोनवर होती. तिनं मला हातानंच बसायची खूण केली.

"हां रखमाजी, दैवशाला बोलून राह्यले. भट्टीपाशी हायेस का टपरीवर? खरं सांग, मला कपबश्या ऐकू येऊन राह्यल्या. मंग जा आत. मी थांबते."

ती खरोखर थांबली. फोन कानाला धरून, खिडकीबाहेर बघत.

"पोचला? आता ऐक. चार वाजता लाईट जाणार, पाचला येणार. साडेतीनच्या आत भट्टी रिकामी पाहिजे. परत म्हण."

पलीकडून काहीतरी आलं.

"चारला न्हाई रे बाबा रिकामी! चारला लाईट जाणार. रिकामी साडेतीनला. परत म्हण... हां, बराबर."

तिनं वहीत एक खूण केली आणि लगेच दुसरा नंबर फिरवला. माझ्यासमोर तिनं अकरा कारखान्यांना फोन केले. मालकाला एकही नाही. प्रत्येक ठिकाणी भट्टीवर त्या क्षणी उभ्या असलेल्या माणसाला. प्रत्येकाकडून निरोप परत म्हणवून घेतला. एकानं कुरकुर केली असावी, कारण ती म्हणाली, "तू कालचा न्हाईस हे मला म्हाइती हाय. म्हण."

फोन झाल्यावर तिनं चहा सांगितला. मी कोण हे कळल्यावर पदर सावरून बसली.

"यशश्रीची आई होय? बसा ना ताई, अशा कोपऱ्यात काय बसला! तुम्ही बीएस्सी ना? पोरगी सांगत असती, आईचं केमिस्ट्री लई चांगलं. माझी बारावी बी कशीतरी झाली. शिकलेल्या माणसापुढं बोलायला मला कसंतरीच होतं बघा."

हे ऐकून मला बरं वाटलं. बराच वेळ बरं वाटत राहिलं. पुढं जे झालं त्याची सुरुवात इथं आहे, म्हणून लिहून ठेवते.

"एवढे फोन कशाला करता? ग्रुपवर टाकलं तर सगळ्यांना एकदम कळेल," मी म्हणाले.

"टाकते की. निळी खूण येती. पण निळ्या खुणेनं भट्टी रिकामी होत न्हाई, ताई."

मग तिनं मला समजावलं. वीज गेली की भट्टीतलं वितळलेलं लोखंड थंड व्हायला लागतं आणि थोड्या वेळात आतच गोठतं. कढईत पाक आळावा तसं, फक्त इथं कढईच फोडावी लागते. आधी कळलं तर माल ओतून घेता येतो.

तिची हकिकत मला यशश्रीकडून, वसाहतीतल्या इतरांकडून आणि थोडी तिच्याकडूनच कळली. ती वडीगोद्रीजवळच्या एका खेड्यातली. वडिलांची कापूस आणि मोसंबीची शेती. लग्न होऊन जालन्यात आली. नवरा भागवत भट्टीवर कामाला. एकदा वीज बंद होणार असल्याचा निरोप कारखान्याच्या केबिनमध्ये आला, तिथून खाली पोचलाच नाही. अंधारात घाईघाईनं माल काढताना भागवतच्या पायावर लोखंड उडालं. आजही तो डावा पाय ओढत चालतो. त्यानंतर वर्षभरानं संघटनेला कागद वाटायला आणि झेरॉक्स काढायला माणूस हवा होता, तिथं ती लागली. 'मालकाला निरोप गेल्ता, भट्टीला न्हाई' हे वाक्य ती अजून म्हणते. त्या वाक्यातून तिनं ती वही काढली. वेळ, कारखाना, कोणाला सांगितलं, आणि शेवटचा रकाना : परत म्हटलं का. कोणी तिला हे काम सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांत अध्यक्ष बदलले, वही तीच राहिली. एक भरली की दुसरी.

संघटना म्हणजे मोठ्या लोकांची बैठक, पोहे-चहा आणि अधिकाऱ्यांचे सत्कार, असं मला वाटायचं. तेही असतं. पण रस्त्यावरचा दिवा बंद पडला, पाण्याचा दाब कमी झाला, परवान्याचा कागद अडला, नवा कामगार शिबिराला पाठवायचा आहे, की फोन येतो तो ह्या बाईला. मी तिथं तासभर बसले आणि तेवढ्यात तिला 'मावशी', 'ताई', 'आक्का' म्हणणारी निदान पंधरा माणसं येऊन गेली.

परतताना रिक्षात मला माझी गोष्ट आठवली. पदवीनंतर इथल्याच एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी मिळत होती. उगवणशक्ती तपासायची, अंकुर मोजायचे. सासूबाई म्हणाल्या, घरात काय कमी आहे? मीही म्हणाले, खरंच, काय कमी आहे? आणि ते पत्र कपाटात ठेवून दिलं. ही बारावी शिकलेली बाई साऱ्या वसाहतीला हवी आहे आणि मी, पहिल्या वर्गात आलेली, मुलीचा डबा चोरून तिच्या दारात आले आहे. मला तिचा हेवा वाटत होता. मुलीसाठी तर वाटत होताच, तिच्या त्या टेबलासाठीही वाटला.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते झालं. मंगळवार होता. आदल्या दिवशी यशश्रीनं सलग दोन पाळ्या केल्या होत्या. सकाळी उशिरा उठून चहा घेऊन पुन्हा झोपली. तिला तीन वाजता कामावर जायचं होतं. तिचा मोबाइल बाहेरच्या खोलीत आवाज बंद करून चार्जिंगला लावलेला. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

"ताई, दैवशाला बोलून राह्यले. यशश्रीला उठवा जल्दी. दोन वाजता लाईट बंद करून राह्यलेत, तातडीची दुरुस्ती निघाली. तिच्या भट्टीवरचा रखमाजी फोन उचलंना. मालक बबलूशेठ विमानात हायेत. तिथं साचे भरणाऱ्या गोजरबाईचा नंबर फक्त यशश्रीकडं हाय. तिला म्हणा, गोजरबाईला फोन कर, रखमाजीला सांगून भट्टी ओतून घ्या. दोनच्या आत."

"सांगते," मी म्हणाले.

"ताई..."

ती पुढं काहीतरी बोलणार होती. मी वाट पाहिली नाही. "ठेवते मग," म्हणाले.

"बरं ताई," ती म्हणाली.

मी यशश्रीच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. गालाखाली हात घेऊन झोपली होती, लहानपणी झोपायची तशी. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पाच मिनिटं झोपू दे, असं वाटलं. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. दुसरंही मनात आलं. मी तीन हाका मारल्या तर ही 'ऊं' करून कूस बदलते, आणि त्या बाईचं नाव घेतलं की अंथरुणातून ताडकन उठेल. ह्या घरात माझ्या मुलीला केव्हा उठवायचं ते मी ठरवीन, तू नाही. मी दार हळूच ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन मेथी निवडायला बसले.

मी विसरले नाही. घड्याळ समोर होतं. दीड वाजलेला पाहिला, पावणेदोन वाजलेले पाहिले. एक गोठलेली भट्टी काय असते हे मला तिनंच समजावलं होतं, तरी मला ते त्या वेळी त्या बाईचं लचांड वाटलं, माझ्या मुलीचं नाही.

सव्वादोनला यशश्री आपोआप उठली. बाहेर येऊन तिनं मोबाइल उचलला आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशींचे सहा मिस्ड कॉल! गोजरबाईचे चार! आई, तुझ्याकडे फोन आला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

तो शब्द इतक्या सहज बाहेर पडला, की मला वाटलं दुसरंच कोणीतरी बोललं.

ती न जेवता गेली. भट्टीत भरलेला माल गोठला होता. कोणाला इजा झाली नाही, हे मी रोज देवापुढं म्हणते. रखमाजीचा फोन जेवणाच्या पिशवीत तळाशी पडला होता. गोठलेला माल हातोड्यांनी फोडून काढायला आणि भट्टीचं आतलं अस्तर नव्यानं भरायला चार दिवस लागले. यशश्री रोज काळी होऊन घरी यायची. पहिल्या दिवशी तर ती सगळ्यांना सांगत होती, की मावशी कधी चुकत नाहीत, त्यांनी काहीतरी केलंच असेल. दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात जाऊन आली.

"काय म्हणाली?" मी विचारलं. माझे हात कणकेत होते, म्हणून बरं.

"मी विचारलं, मावशी, मी फोन उचलला नाही तर तुम्ही नेहमी घरी करता, ह्या वेळी का नाही केला? तर म्हणाल्या, चूक झाली माझी. बस. एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मी कणीक मळत राहिले.

ते तीन दिवस मी कधी विसरणार नाही. भट्टी बंद असल्यानं संध्याकाळी कारखान्यातून लवकर सुटका व्हायची. यशश्री घरी यायची, माझ्याजवळ बसायची. मी धपाटे केले, तिनं चार खाल्ले. 'बराबर' गेलं. एका संध्याकाळी ती स्वतःहून तेलाची वाटी घेऊन माझ्यापुढं पाठ करून बसली. मी तिच्या डोक्याला तेल लावत होते, तेव्हा ती म्हणाली, "मी त्यांच्यावर फार विश्वास ठेवला गं."

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. माझ्या बोटांत तिचे केस होते आणि ती पुन्हा पुरती माझी होती. मी एक शब्द बोलले नाही, तर ती माझीच राहणार होती.

बबलूशेठ म्हणजे त्या कारखान्याचा तरुण मालक. त्यानं संघटनेकडे लेखी तक्रार केली. हे फोन-बिन आता बंद करा, बाहेरच्या कंपनीची मेसेज सेवा लावा, आणि दैवशालाबाईंना सन्मानानं निवृत्त करा, असं त्याचं म्हणणं. शनिवारी अकराला कार्यकारिणीची बैठक ठरली. त्यात यशश्रीनं काय घडलं ते लिहून द्यायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं कागद माझ्यापुढं धरला. "आई, वाचून बघ ना. भाषा नीट आहे का?"

कागदावर होतं, 'वीज बंद होण्यापूर्वी मला कोणताही निरोप मिळाला नाही.' खाली तिची सही.

भाषा नीट होती. वाक्य खरं होतं. त्यातलं खोटं माझं होतं आणि सही तिची.

"नीट आहे," मी म्हणाले. आणि जेवले नाही.

शनिवारी यशश्री निघायच्या आधीच मी निघाले. दहा वाजता कार्यालय उघडंच होतं. दैवशाला सभागृहातल्या खुर्च्या पुसत होती. एकटीच. मला बघून तिनं फडकं खाली ठेवलं नाही.

"या ताई."

"तुम्ही यशश्रीला सांगितलं का नाहीत?"

"काय?"

"निरोप माझ्याकडे दिला होता म्हणून."

ती एक खुर्ची पुसून पुढच्या खुर्चीकडे गेली. "मला वाटलं, तुम्ही सांगताल. चार दिस वाट बघून राह्यले."

मला बसावंसं वाटलं, पण पुसलेल्या खुर्चीवर बसायची हिंमत झाली नाही. तिनं टेबलावरची वही आणून माझ्यासमोर उघडली. मंगळवार. एक वाजून दहा. कारखान्याचं नाव. 'यशश्रीच्या आईकडे घरी.' शेवटचा रकाना कोरा.

"हे बघा. परत म्हटलं का, हे कोरं हाय. बावीस वर्षांत असं कोरं मी सोडलं न्हाई. रखमाजीला म्हणायला लावते, इंजिनिअर लोकांना लावते. त्या दिवशी तुम्हाला 'परत म्हणा' म्हणायला तोंड उघडलं अन् मिटलं. म्हणलं, बीएस्सी बाई, यशश्रीची आई, तिला काय शाळेतल्यासारखं म्हणायला लावू? लाज वाटली मला. मंग चूक कोणाची? ज्यानं परत म्हणवून घेतलं न्हाई त्याची."

"मी मुद्दाम उठवलं नाही तिला," मी म्हणाले. "विसरले नव्हते. मुद्दाम."

तेव्हा तिच्या हातातलं फडकं थांबलं.

"का हो?"

मी म्हणाले, "ती तुमचं नाव घेऊन उठते."

तिनं फडकं झटकलं. मग म्हणाली, "अन् माझ्याजवळ आली की दिवसभर आईचं सांगती. आईनं हे केलं, आईला असं आवडतं. मला लेकरू न्हाई ताई. मला काय वाटत असंल ऐकताना?" आणि पुन्हा खुर्ची पुसायला लागली, जणू वेळ विचारली होती आणि तिनं सांगितली.

तिलाही माझा हेवा वाटत होता, हे मला आजवर सुचलं नव्हतं. आणि तरीही त्या क्षणी माझ्या मनात काय आलं? हिनं तोही माझ्यापेक्षा शहाण्यासारखा बाळगला.

अकराला सगळे जमले. अध्यक्ष सोमेश्वरकाका मधल्या खुर्चीवर. मी शेवटच्या रांगेत. मला तिथं बघून यशश्रीला आश्चर्य वाटलं, तिनं भुवया उंचावून विचारलं, मी मान हलवली. बबलूशेठ बोलला. वाईट बोलला नाही. म्हणाला, बाई चांगल्या आहेत पण जमाना बदलला. सोमेश्वरकाकांनी दैवशालाला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

ती उभी राहिली. "माझी चूक हाय. निरोप दिला, परत म्हणवून घेतला न्हाई."

"कोणाला दिला?"

"ते वहीत हाय, पण चूक देणाऱ्याची असती."

वही अध्यक्षांकडे गेली. ते चष्मा शोधत होते. मी उभी राहिले. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा ऐकू आला.

"निरोप मला दिला होता. मी यशश्रीची आई. एक दहाला फोन आला, पन्नास मिनिटं हातात होती. मी सांगितलं नाही. मुलीनं विचारलं तेव्हा फोन आलाच नाही म्हणाले. तिनं कागदावर लिहिलंय ते तिला खरं वाटतं म्हणून लिहिलंय."

बबलूशेठ म्हणाला, "पण का, काकू?" मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी यशश्रीकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती दैवशालाकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझी कबुली ऐकतानाही तिची नजर तिकडेच गेली, हे मी मनात टिपून ठेवलं. अशी मी आहे.

बैठकीत काय ठरलं ते थोडक्यात. फोन चालू राहणार. मेसेज सेवाही लागणार. आणि वहीच्या पहिल्या पानावर सोमेश्वरकाकांनी स्वतः लिहिलं, की निरोप घेणारा कोणीही असो, अध्यक्षसुद्धा, त्यानं तो परत म्हणायचा. दैवशाला मधेच म्हणाली, "मंग काका, आत्ता काय ठरलं ते तुम्हीच परत म्हणा." लोक हसले. काकांनी म्हणून दाखवलं. तिनं खूण केली.

यशश्री माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. जेवायची, पाणी मागायची, पण बोलायची नाही. गजानन दोघींच्या मधे बसून हवामान सांगायचे. दहाव्या दिवशी ती म्हणाली, "तू खोटं बोललीस त्याचं नाही गं एवढं. तू ते लपवून मला तेल लावत बसलीस, ते मला विसरता येत नाही." आणि कामाला निघून गेली. मी तेलाची वाटी आतल्या फडताळात ठेवून दिली. अजून तिथंच आहे.

कार्ड तिनं बदललं नाही. मी अजूनही खिसे तपासते, म्हणून मला माहीत आहे. 'दैवशाला मावशी' तसंच आहे.

गेल्या बुधवारी सकाळी अकराला माझा फोन वाजला. यशश्री अंघोळीला गेली होती.

"ताई, दैवशाला बोलून राह्यले."

"यशश्री आत आहे."

"तिनं फोन उचलला न्हाई, म्हणून तर तुम्हाला केला. पोरगी म्हणली होती, आईचा नंबर काढून टाका वहीतून. मी काढला न्हाई. ऐका. साडेबाराला लाईट जाणार, दीडला येणार. बाराच्या आत भट्टी रिकामी. रखमाजी बाहेर गेलाय, गोजरबाईला सांगायचं. परत म्हणा."

परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. त्यात रागही होता. माझी मुलगी माझा नंबर पुसायला निघाली होती आणि तो ठेवला ह्या बाईनं. माझ्याच घरात मला जागा दिली तिनं, आणि ती घ्यावी लागणार होती.

"साडेबाराला लाईट जाणार," मी म्हणाले. "दीडला येणार. बाराच्या आत भट्टी रिकामी. गोजरबाईला सांगायचं."

"बराबर. उठा आता."

मी न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. आत पाणी पडायचं थांबलं. मी निरोप सांगितला, एकेक शब्द मोठ्यानं.

मग यशश्री दारापलीकडून म्हणाली, "बाराच्या आत रिकामी, गोजरबाईला. फोन दे इकडे."

दार बोटभर उघडलं. ओला हात बाहेर आला. मी त्यात तिचा फोन ठेवला.